अडनिड्या खोलीतले कपाट

वसंतातल्या या व्यासपीठावर कपाटासारखा विषय घ्यावा, याचे कोणाला नवल वाटेल. परंतु ज्या घरात निजण्याच्या खोलीत पाय टाकायला जागा नाही, कपडे दोरीवर लोंबत आहेत आणि गोधड्यांचा ढीग खाटेखाली कोंबलेला आहे, त्या घरातल्या बाईला हा विषय लहान वाटणार नाही. शिवाय यात पैशाचा प्रश्न आहे, आणि पुढे दिसेल की जिवाचाही आहे.

प्रथम हे पाहू की खोली अडनिडी होते कशी. बीड, अंबाजोगाई, धारूर यांसारख्या जुन्या वस्तीच्या गावांत घरे आखीव भूखंडांवर उभी राहिली नाहीत. बोळ जसा वळला तशी भिंत वळली. पुढे भावाभावांत वाटण्या झाल्या. एका माजघराच्या दोन खोल्या झाल्या, मध्ये अर्ध्या विटेची भिंत आली, आणि कोणाच्या वाट्याला जिन्याखालचा उतार आला तर कोणाच्या वाट्याला खोलीच्या मधोमध उभा राहिलेला खांब. अशा खोलीत बाजारातले तयार कपाट नेऊन ठेवले की त्याच्या मागे एक त्रिकोण, बाजूला एक फट आणि वर एक पोकळी उरते. तिथे फक्त धूळ आणि उंदीर राहतात.

मग मनात सहज येते की, जुनी भिंत चांगली दोन-अडीच फूट जाड आहे, तीच कोरून कपाट का करू नये? आपल्या जुन्या घरांत देवळ्या, कोनाडे आणि फडताळे होतीच की! हा विचार धोक्याचा आहे. जुने फडताळ भिंत रचतानाच सोडलेले असते. त्याच्यावर लाकडाची किंवा दगडाची पाटी टाकून वरचा भार दोन्ही बाजूंना उतरवलेला असतो. उभ्या भिंतीत मागाहून पाडलेल्या खड्ड्याला असा आधार नसतो. आपल्याकडच्या दगडमातीच्या पुष्कळ भिंती एकसंध नसतात. आतला एक आणि बाहेरचा एक असे दोन दगडी थर, आणि मध्ये चिपा व माती, अशी त्यांची रचना असते. आतला थर कोरला म्हणजे जवळजवळ अर्धी भिंतच काढून टाकली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या शेजारच्या जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली. दोन थरांना सांधणारे लांब दगड नसलेल्या भिंती फुटल्या आणि माळवदाची जड माती निजलेल्या माणसांवर आली. म्हणून असलेली फडताळे जरूर वापरावीत, त्यांना नवी दारे लावावीत. पण नवे फडताळ कोरू नये. अर्ध्या विटेची भिंत तर मुळीच कोरू नये.

तेव्हा कपाट भिंतीत नव्हे, भिंतीला लागून करावयाचे. त्याची सुरुवात खोलीपासून नव्हे, कपड्यांपासून करावी. घरातले सगळे कपडे आणि अंथरुणे एकदा बाहेर काढून त्यांचे तीन ढीग करावेत : घडीचे कपडे, टांगण्याचे कपडे आणि गोधड्या-वाकळा. बहुतेक घरांत असे आढळेल की साड्या, धोतरे, चादरी मिळून घडीचे कपडे पुष्कळ, टांगण्याचे थोडे, आणि सर्वांत अधिक जागा अडवतात त्या गोधड्या.

याचा परिणाम कपाटाच्या पोटावर, म्हणजे दारापासून पाठीपर्यंतच्या अंतरावर होतो. हँगर सुमारे १७-१८ इंच लांब असतो. त्याला आडव्या दांडीवर अडकवायचे तर पोट २२ ते २४ इंच लागते. घडी घातलेल्या साडीला मात्र १६ इंच पुरे होतात. थोडे कपडे टांगायचेच असतील, तर दांडी आडवी न लावता समोरून मागे जाणारी लावावी, म्हणजे हँगर दाराशी समांतर राहतो आणि १६ इंचांतही काम भागते.

आता हिशेब पाहा. प्लायवुडची शीट ८ फूट लांब आणि ४ फूट रुंद असते. समजा, ६ फूट रुंद व ७ फूट उंच असे दोन खणांचे कपाट करावयाचे आहे. त्याला तीन उभ्या फळ्या लागतील, आणि तळ, माथा व चार कप्पे धरून ३ फुटी आडव्या फळ्या १२. आठ फुटी पट्टीतून उभी फळी एक निघते, आडव्या दोन. म्हणजे एकूण पट्ट्या ९. पोट २४ इंच ठेवले तर एका शीटमधून पट्ट्या दोनच निघतात, आणि शीट पाच आणाव्या लागतात. १८ इंच ठेवले तरी पट्ट्या दोनच. उरलेला फूटभर रुंदीचा तुकडा वाया! पण १६ इंच ठेवले की पट्ट्या तीन निघतात आणि तीन शीटमध्ये सांगाडा पुरा होतो. करवत थोडे लाकूड खाते, म्हणून प्रत्यक्षात पावणेसोळा इंच धरावे. पाठीला दोन सुती प्लाय चालतो; दारांचा हिशेब वेगळा. थोडक्यात, १६ वरून १८ वर जाणारा दोन इंचांसाठी दोन शीटचे पैसे मोजतो.

यानंतर खोली मोजावी. एकच माप घेऊन सुताराकडे जाणे हे पुष्कळ भांडणांचे मूळ आहे. रुंदी जमिनीशी, कमरेशी आणि डोक्यावर अशी तीन ठिकाणी मोजावी आणि सर्वांत लहान माप खरे मानावे. भिंतीला ओळंबा लावून ती किती झुकली आहे ते पाहावे. कोपरा काटकोनात आहे की नाही हे कळण्यासाठी एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण करावी. खुणांमधले अंतर बरोबर ५ फूट भरले तर कोपरा गुण्यात आहे.

नसेल तर कपाट वाकडे करू नये. कपाट चौकोनीच करावे, भिंतीपासून थोडे सुटे ठेवावे आणि उरलेली पाचर दर्शनी बाजूने एका पट्टीने झाकावी. मागे बोटभर हवा राहिली म्हणजे पावसाळ्यात भिंतीची ओल कपड्यांना लागत नाही. खांब मध्ये येत असेल तर त्याच्या दोन बाजूंना दोन स्वतंत्र कपाटे करावीत. जिन्याखालच्या उतारात उभे कपाट बसवण्याचा हट्ट धरू नये. बुटक्या टोकाला चाकांवरच्या पेट्या ठेवाव्यात, त्यांत गोधड्या जातात. खाटेमुळे दार उघडायला जागा नसेल तर सरकते दार लावावे. मात्र ते पोटातले दोन-तीन इंच खाते. पैसे अगदीच कमी असतील तर पहिल्या वर्षी जाड कापडाचा पडदा लावावा आणि दारे मागाहून करावीत. यात कमीपणा काही नाही.

सामान कोणते घ्यावे? निजण्याच्या खोलीला मरीन प्लायची गरज नसते. भारतीय मानक ३०३ चा शिक्का सर्वसाधारण प्लायचा आणि ७१० चा मरीनचा, एवढे ओळखता आले तरी दुकानदार फसवू शकत नाही. भुशाचे दाबलेले बोर्ड स्वस्त खरे, पण ओल लागली की फुगतात आणि बिजागरीचे स्क्रू सोडतात. जिथे वाळवी आहे तिथे विटांच्या उभ्या आधारांवर कडप्प्याचे कप्पे उत्तम. मात्र त्यांचा भार मोठा, म्हणून ते तळमजल्यावरच करावेत, माळवदावर कधीही नाही. या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी घराला कुलूप लावून महिनोन्‌महिने बाहेर असतात. त्यांना कडप्प्याचे कप्पे आणि एक पत्र्याची पेटी हीच जोडी सोयीची, कारण मागे राहिलेल्या कपड्यांना वाळवी आणि उंदीर यांच्यापासून राखणारे घरात कोणी नसते.

शेवटी सुताराशी बोलणे. तो दर्शनी चौरस फुटाचा दर सांगतो. ६ बाय ७ चे कपाट म्हणजे ४२ चौरस फूट. त्या दरात दारे, पाठ, बिजागऱ्या, कुलूप आणि आतला रंग धरला आहे की नाही, हे कागदावर लिहून घ्यावे. दोन सुतारांच्या दरांतला फरक पुष्कळदा याच यादीत लपलेला असतो. आणि उंच कपाट वरच्या बाजूने पक्के जखडायला सांगावे. मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही. तिथे खांबाला किंवा तुळईला जखडावे. कपाट आपल्या उशाशी उभे राहणार आहे, हे विसरू नये.