विश्लेषण : कमांड लाइनवरील सूचना ‘डिक्शनरी’त घेताना फसगत कुठे होते?

महाविद्यालयातील प्रोजेक्ट असो वा कार्यालयात रोज रात्री आपोआप चालणारी स्क्रिप्ट, पायथनमधील छोट्या प्रोग्रामना सूचना बहुधा कमांड लाइनवरून दिल्या जातात. त्या सूचनांची डिक्शनरी करणे हे एका ओळीचे काम. पण त्या ओळीनंतर वापरकर्त्याने न दिलेली सूचनाही दिल्यासारखी दिसू लागते. त्याची किंमत कधी कधी डेटा गमावून मोजावी लागते.

आर्गपार्स काय करते?

प्रोग्रामच्या नावापुढे टाइप केलेला मजकूर पायथनला शब्दांच्या साध्या यादीच्या रूपात मिळतो. त्यातील फोल्डर कोणता, आकडा कोणता, हे ओळखण्याचे काम ‘आर्गपार्स’ हे मॉड्यूल करते. २०१० मधील पायथन २.७ आणि २०११ मधील पायथन ३.२ पासून ते पायथनसोबतच मिळते.

डिक्शनरीची गरज का?

आर्गपार्स सर्व सूचना ‘नेमस्पेस’ नावाच्या ऑब्जेक्टमध्ये देते. एखाददुसरे मूल्य वाचायला ते पुरेसे असते. मात्र सगळ्या सूचना लॉगमध्ये नोंदवायच्या, जेसन फाइलमध्ये साठवायच्या किंवा सेटिंग्जच्या फाइलशी जुळवायच्या असतील, तर नाव आणि मूल्य अशा जोड्या सोयीच्या ठरतात. त्यासाठी नेमस्पेस ‘व्हार्स’ या फंक्शनला दिला की डिक्शनरी हाती येते. ‘ड्राय-रन’सारख्या पर्यायाच्या नावातील मधल्या रेषेच्या जागी डिक्शनरीत अंडरस्कोर येतो, हे ध्यानात ठेवावे लागते.

मग फसगत कुठे?

समजा, बॅकअपच्या एका स्क्रिप्टमध्ये जुन्या प्रती ७ दिवस ठेवण्याचे डिफॉल्ट आहे. कार्यालयाने सेटिंग्जच्या फाइलमध्ये ते ३० दिवस केले आहे. वापरकर्त्याने कमांड लाइनवर दिवसांचा उल्लेखही केला नाही. तरीही डिक्शनरीत ७ हा आकडा असतोच, कारण आर्गपार्सने तो स्वतःहून भरलेला असतो. कमांड लाइनला अग्रक्रम देण्याच्या नियमानुसार ही डिक्शनरी सेटिंग्जवर चढवली की ३० चे ७ होतात आणि आठवड्यापूर्वीच्या प्रती पुसल्या जातात. एरर येत नाही, इशाराही नाही. डिफॉल्ट दिलेलेच नसेल, तर त्या जागी ‘नन’ येते आणि ३० ऐवजी काहीच उरत नाही. त्यात निदान प्रोग्राम अडखळण्याची शक्यता तरी असते.

उपाय काय?

पर्यायाचे डिफॉल्ट म्हणून आर्गपार्सचेच ‘सप्रेस’ हे मूल्य द्यावे. मग न दिलेला पर्याय डिक्शनरीत येतच नाही. मूळ डिफॉल्ट वेगळ्या डिक्शनरीत ठेवून त्यावर सेटिंग्जची फाइल आणि सर्वांत वर कमांड लाइन, असे तीन थर रचावेत. ‘कलेक्शन्स’ मॉड्यूलमधील ‘चेनमॅप’ नेमके याच कामासाठी उपयोगी पडते.

दुसरा मार्ग म्हणजे डिफॉल्ट ‘नन’च ठेवून थर रचण्यापूर्वी तशा नोंदी गाळणे. मात्र गाळताना फक्त ‘नन’च गाळावे. ‘रिकामे ते सारे काढा’ अशी अट घातली, तर वापरकर्त्याने मुद्दाम दिलेले शून्यही निघून जाते.

आणखी कोणती काळजी?

‘व्हार्स’ने मिळणारी डिक्शनरी ही प्रत नसते. तिच्यातील नोंद बदलली की नेमस्पेसही बदलतो. त्यामुळे फेरफार करायचे असल्यास आधी प्रत काढावी. तसेच पूर्ण डिक्शनरी लॉगमध्ये छापताना तिच्यात पासवर्ड किंवा एपीआय की नाही ना, हे तपासावे. एका ओळीत सारे छापता येते, तसे एका ओळीत सारे उघडेही पडते.

थोडक्यात, ‘दिले नाही’ आणि ‘डिफॉल्टइतकेच दिले’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्क्रिप्टला हा फरक कळतो का, हे तपासण्याची सोपी रीत आहे : पुसण्याचे काम बंद ठेवून, एकही पर्याय न देता स्क्रिप्ट चालवावी आणि अंतिम सेटिंग्ज छापून पाहाव्यात. तिथे ३० दिसायला हवेत, ७ नव्हे.