हळदीचा लाल, हळदीचा पिवळा

जेऊर मागे पडलं की कुर्डुवाडीच्या अलीकडे केम लागतं. करमाळा तालुक्यातलं हे गाव उत्तरेश्वराचं, पण दूरदूर त्याची ओळख आहे ती कुंकवामुळे. कुंकवाची जुनी कृती हळदीपासून सुरू होते. हळदीला क्षार लागला की तिचा पिवळा पालटून लाल होतो. तो लाल देवीचा. न पालटलेली हळद तशीच राहिली की ती भंडारा, खंडोबाची आणि बिरोबाची. एकाच हळकुंडातले हे दोन रंग मनात धरूनच मी सोलापूर जिल्ह्यातली नृत्यं पाहत गेलो.

लाल बाजू आपल्या ओळखीची. संबळ, तुणतुणं आणि पेटती दिवटी घेऊन उभा राहणारा गोंधळी लग्न झालेल्या कितीतरी घरांनी पाहिला आहे. त्यांतले कदमराई तुळजाभवानीचे, रेणुराई माहूरच्या रेणुकेचे. कमरेला खणांच्या चिंध्या, पायांत घुंगरू, कपाळभर हळदकुंकू आणि हातात आसूड घेतलेला मरीआईचा पोतराजही याच बाजूचा. यांच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे.

पिवळ्या बाजूकडे मात्र पुरेसं लक्ष गेलेलं नाही. तिच्यासाठी केमहून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, मंगळवेढा तालुक्यातल्या हुलजंतीला जायला हवं, आणि तेही दिवाळीत. अमावस्येच्या रात्री महालिंगरायाच्या मंदिराच्या शिखराला आपोआप मुंडासं बांधलं जातं, ही भक्तांची श्रद्धा. मग ओढ्याच्या पात्रात पालख्या भेटतात. बिरोबा गुरू, महालिंगराया शिष्य. कर्नाटकातूनही माणसं आलेली असतात. ढोल घुमतात, भंडारा आणि लोकर उधळली जाते, आणि थोड्या वेळात समोरचा माणूस ओळखू येऊ नये इतकी हवा पिवळी होते.

या मुलखातल्या धनगरांचं नृत्य म्हणजे गजी. मध्ये ढोल, भोवती फेटे बांधलेल्या, घोळदार झगे घातलेल्या पुरुषांचं रिंगण, हातांत रंगीत रुमाल. ठोका पालटला की रिंगणाची चाल पालटते. वाकणं, गिरकी, रुमालाचा झटका, सगळं ढोलाच्या हुकमावर. सीमेपलीकडे कुरुब समाजाचं डोळ्ळु कुणित पाहिलं की नातं लगेच कळतं. तिथेही ढोल आणि बीरेश्वर.

मला या रिंगणात मेंढरं वळवणारा माणूस दिसतो. हे माझं वाचन आहे, पण त्याला आधार आहे तो धनगरी जगण्याचा. दख्खनी मेंढी ओल्या मुलखात टिकत नाही. म्हणून पावसाळा कोरड्या माळावर काढायचा, आणि पावसाळा सरला की वाडा, म्हणजे मेंढरांसकटचा तळ, हलवायचा. वाटेत शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात धान्य घ्यायचं. पुढे कित्येक महिने विखुरणारी माणसं निघण्याआधी एकत्र येतात ती दसरा-दिवाळीच्या या दिवसांत. कोण जिवंत आहे, कुणाची पोरं मोठी झाली, सोयरीक कुठे जुळेल, हे इथेच कळतं. रिंगणात शेजारी उभं राहणं म्हणजे आपण एका देवाचे आहोत हे अंगानं कबूल करणं.

धनगरी ओवीला तिचा अभ्यासक मिळाला. गुंथर सोन्थायमर या जर्मन संशोधकानं वाड्यांवर बसून ओव्या आणि त्यांच्यामागून येणारी गद्य सपादणी ध्वनिमुद्रित केली. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबावरचा त्याचा जर्मन ग्रंथ 1976 मध्ये आला, इंग्रजी भाषांतर 1989 मध्ये. त्यामुळे शब्द वाचले. पावलांचं काय?

इथे मला फिलिपिन्समधली एक बाई आठवते. फ्रान्सिस्का रेयेस आकिनो (1899–1983) शारीरिक शिक्षणाच्या अध्यापिका होत्या. 1920च्या दशकात त्या खेडोपाडी हिंडून म्हाताऱ्या माणसांकडून नाच शिकू लागल्या. 1926 मध्ये त्याच विषयावर त्यांनी प्रबंध लिहिला. 1934 मध्ये फिलिपिन्स विद्यापीठाचे अध्यक्ष होर्हे बोकोबो यांनी लोकगीतं आणि नृत्यं गोळा करण्याचं काम हाती घेतलं, तेव्हा आकिनोंसोबत संगीतकार आंतोनियो बुएनाव्हेंतुरा आणि छायाचित्रकार रामोन तोलेंतिनोही फिरले. एकानं सूर लिहिला, एकानं चित्र टिपलं, आकिनोंनी पाऊल लिहिलं. बांबूंच्या फटीतून तिकलिंग पक्ष्यासारखं उड्या मारत जाणारं तिनिकलिंग, डोक्यावर आणि दोन्ही हातांवर दिवे तोलून केलेलं पांदांग्गो सा इलाव, हे सारं पुस्तकात उतरलं आणि शाळाशाळांत पोचलं. यातला दुसरा नाच पाहून गोव्यातला दिवली नाच डोळ्यांपुढे येतोच. 1962 मध्ये आकिनोंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आपल्या विनोबांना मिळाल्यानंतर चार वर्षांनी.

या कामात धोकाही आहे. वहीत उतरलेला नाच रंगमंचावर जातो, वेळेत बसवला जातो, आणि त्यातला देव मागे राहतो. हुलजंतीच्या ओढ्यातली दाटी सभागृहात आणता येणार नाही, आणू पाहूही नये. तरीही पावलं लिहायलाच हवीत, असं मला ठामपणे वाटतं. चित्रफितीत फेटे, झगे आणि उडणारा भंडारा दिसतो. कोणत्या ठोक्याला कोणता पाय पडला, हे त्या पिवळ्या धुरळ्यात हरवतं.

सुरुवात ढोलकऱ्यापासून करावी. देवाचा गजर आटोपल्यावर, सावलीत, त्याला एकेक ठोका सुटा वाजवायला सांगावं. प्रत्येक ठोक्याला वाड्यावर काय म्हणतात ते त्याच्याच शब्दांत लिहावं. मग जवळच्या एखाद्या जुन्या गजी नाचणाऱ्याला त्या ठोक्यावर एकदा, सावकाश, चालून दाखवायला सांगावं.