सरकारी कवच, खासगी पॉलिसी आणि उतारवयातील निवड : काही गैरसमज

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना 2018 च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाली, तेव्हा ती ठरावीक निकषांत बसणाऱ्या गरीब कुटुंबांपुरती होती. मात्र 29 ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकाला, त्याचे उत्पन्न कितीही असले तरी, 'वय वंदना' कार्डाद्वारे तिच्यात प्रवेश मिळाला. पेन्शनवर जगणाऱ्या ज्या मध्यमवर्गीय घरांत सरकारी योजनेचा विचारच कधी झाला नव्हता, तेथे यामुळे एक नवा प्रश्न उभा राहिला : वर्षानुवर्षे हप्ते भरून टिकवलेली खासगी आरोग्यविम्याची पॉलिसी आता चालू ठेवावी की सोडून द्यावी? या प्रश्नाभोवती जे गैरसमज साचले आहेत, त्यांतले काही निरुपद्रवी असले तरी एक असा आहे की त्यापायी झालेले नुकसान पुढे भरून काढता येत नाही.

तो गैरसमज म्हणजे सरकारी कार्ड घेऊन पॉलिसी बंद करावी आणि कार्डाचा अनुभव समाधानकारक वाटला नाही, तर पुन्हा पॉलिसीकडे वळावे, ही कल्पना. सरकारी योजनेत केव्हाही जाता येते. वयाची अट पूर्ण झाली आणि आधारद्वारे ओळख पटली की कार्ड निघते, वैद्यकीय तपासणी होत नाही आणि आधीपासून असलेल्या आजारांवरही पहिल्या दिवसापासून उपचार मिळतात. खासगी विम्याकडे परतण्याची वाट तशी नाही. पॉलिसी नव्याने घेताना पूर्वीपासूनच्या आजारांसाठी, म्हणजे मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांसारख्या अर्ज करतेवेळीच असलेल्या आजारांसाठी, कमाल 36 महिन्यांचा प्रतीक्षा काळ लावण्याची विमा कंपन्यांना मुभा आहे. मोतीबिंदू, हर्निया किंवा गुडघ्याचे सांधेरोपण यांसारख्या ठरावीक उपचारांनाही बहुतेक पॉलिसींत वेगळा प्रतीक्षा काळ असतो. सत्तरीपुढच्या माणसाला रुग्णालयात नेणारी कारणे बहुधा हीच असतात, त्यामुळे नवी पॉलिसी हाती असूनही तिचा उपयोग नेमका हव्या त्या वेळी होत नाही.

याखेरीज अखंड नूतनीकरणातून मिळणारे एक संरक्षण पॉलिसीबरोबर संपते, ज्याची चर्चा फारशी होत नाही. सलग 60 महिने पॉलिसी चालू राहिली की त्यानंतर आजाराची माहिती दडवल्याचे कारण देऊन कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने, म्हणजे 'इर्डाई'ने, 2024 मध्ये ही मुदत आठ वर्षांवरून पाच वर्षांवर आणली. पॉलिसी खंडित करून नवी घेतल्यास ही मोजणी शून्यापासून सुरू होते.

पोर्टेबिलिटीमुळे हे नुकसान टळेल, असेही पुष्कळांना वाटते. पोर्टेबिलिटी म्हणजे एका कंपनीची पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेताना आधी भोगलेल्या प्रतीक्षा काळाचे श्रेय सोबत नेण्याचा हक्क; तो एका विमा पॉलिसीतून दुसऱ्या विमा पॉलिसीत जाण्यासाठी आहे. शासकीय योजनेत काढलेली वर्षे या हिशेबात धरली जात नाहीत. शिवाय पोर्टिंगसाठी आधीची पॉलिसी चालू असावी लागते, नूतनीकरणाच्या तारखेपूर्वीच अर्ज करावा लागतो आणि नवी कंपनी प्रकृती पाहून तो नाकारूही शकते.

'पासष्टीनंतर पॉलिसी मिळतच नाही' हा समज आता जुना झाला आहे, कारण 1 एप्रिल 2024 पासून विमा कंपन्यांनी सर्व वयोगटांसाठी योजना उपलब्ध ठेवणे अपेक्षित आहे. परंतु योजना उपलब्ध असणे आणि एखाद्याचा अर्ज मंजूर होणे यांत अंतर आहे, आणि वय व आजार वाढतील तसे ते रुंदावते. याउलट चालू पॉलिसीचे नूतनीकरण केवळ वय वाढले किंवा आधी क्लेम केला म्हणून कंपनीला नाकारता येत नाही. म्हणजेच वृद्धापकाळी हातात असलेली जुनी पॉलिसी ही त्याच रकमेच्या नव्या पॉलिसीपेक्षा पुष्कळ मौल्यवान असते.

मुळात वय वंदना कार्डासाठी खासगी पॉलिसी सोडावी लागते, हेच खरे नाही. खासगी आरोग्यविमा असलेले आणि कर्मचारी राज्य विमा योजनेचे लाभार्थी यांना कार्ड घेता येते आणि दोन्ही कवचे एकाच वेळी बाळगता येतात. फक्त एकाच खर्चाची भरपाई दोन ठिकाणांहून घेता येत नाही. निवड करावी लागते ती केंद्र सरकारी आरोग्य योजना, माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना आणि केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांची आयुष्मान योजना यांच्या लाभार्थ्यांना. केंद्र सरकारच्या पेन्शनरांना बाह्यरुग्ण तपासणी आणि रोजची औषधे त्यांच्या योजनेतून मिळतात, जी वय वंदना कार्डावर मिळत नाहीत. त्यामुळे केवळ कार्डावरील वार्षिक कवचाच्या पाच लाख रुपयांच्या आकड्याकडे पाहून केलेला बदल त्यांना महागात पडू शकतो.

पाच लाखांचा हा आकडाही नीट समजून घ्यायला हवा, कारण ही रक्कम प्रत्येक ज्येष्ठाला स्वतंत्रपणे मिळत नसून घरातील सत्तरीपुढच्या सर्वांमध्ये मिळून वर्षाला वापरायची असते. जे कुटुंब आधीपासून आयुष्मान योजनेत आहे, त्यातील ज्येष्ठांसाठी मात्र ही रक्कम कुटुंबाच्या मूळ पाच लाखांव्यतिरिक्त आहे. उपचार अंगीकृत रुग्णालयांत, म्हणजे योजनेशी करार केलेल्या सरकारी व खासगी रुग्णालयांत, ठरलेल्या पॅकेजच्या दराने आणि सर्वसाधारण वॉर्डात होतात. दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस यांतील तपासण्या व औषधे पॅकेजमध्ये येतात, परंतु मधुमेहाच्या महिन्याच्या गोळ्यांसारखा कायमचा खर्च येत नाही. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचे रुग्णालय अंगीकृत आहे का, हे आजारपण येण्याआधीच पाहून ठेवलेले बरे.

सरकारी कवच म्हणजे दुय्यम उपचार, हा समजही तितकाच अन्यायकारक आहे. ज्यांच्याकडे कोणताही विमा नाही आणि वय व आजारांमुळे खासगी कंपनी ज्यांना दारात उभे करत नाही, अशांसाठी पहिल्या दिवसापासून सर्व आजारांना लागू होणारे कवच ही फार मोठी गोष्ट आहे, आणि त्यांनी कार्ड काढण्यात एक दिवसही दवडू नये.

खरी अडचण निवृत्तीपासून सत्तरीपर्यंतच्या दहा-बारा वर्षांची आहे. नोकरीत असताना कंपनीच्या सामूहिक विम्यावर विसंबलेल्या माणसाचे कवच निवृत्तीच्या दिवशी संपते आणि वय वंदना कार्ड अजून दूर असते. सामूहिक पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत प्रतीक्षा काळाच्या श्रेयासह स्थलांतर करता येते, हे अनेकांना निवृत्तीआधी कोणी सांगतच नाही. नंतर कळते तेव्हा वेळ निघून गेलेली असते. कर्मचारी राज्य विमा योजनेत किमान पाच वर्षे विमाधारक राहून निवृत्त झालेल्यांना वर्षाला अवघे 120 रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना 2023 च्या निर्णयानुसार पिवळ्या-केशरीच नव्हे, तर पांढऱ्या शिधापत्रिकाधारकांनाही खुली झाली असून तिचे कवच दीड लाखांवरून कुटुंबामागे पाच लाखांवर गेले आहे, आणि तिला सत्तरीची अट नाही. गोव्यातील दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांचे कवच आहे.

हप्ता परवडत नाही, हे पॉलिसी सोडण्याचे सर्वांत प्रामाणिक कारण आहे आणि त्याला अविचार म्हणता येणार नाही. इर्डाईने 30 जानेवारी 2025 रोजी ज्येष्ठांच्या हप्त्यात वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढ प्राधिकरणाशी सल्लामसलत केल्याशिवाय करण्यास कंपन्यांना मनाई केली, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील 18 टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला. तरीही हप्ता जड जात असेल, तर पॉलिसी पूर्ण सोडण्याआधी नूतनीकरणाच्या वेळी विमा रक्कम कमी करून घेता येते का, हे कंपनीला लेखी विचारावे. दहा लाखांची पॉलिसी पाच लाखांवर आणल्यास हप्ता उतरतो आणि उरलेल्या पाच लाखांपुरती आजवरची सलगता टिकते. वार्षिक हप्त्याची तारीख चुकलीच, तर नूतनीकरणासाठी 30 दिवसांची सवलतीची मुदत मिळते.