तलाठ्याचं दप्तर आणि तीन प्रकृती

मंडळी, तुमच्या गावाचं नाव सप्टेंबर २०२३ मध्ये देशभर गेलं ते आरक्षणाच्या आंदोलनामुळे. त्याच्या बऱ्यावाईटावर मी आज बोलणार नाही. पण त्या आंदोलनानंतर सरकारी कचेऱ्यांत जे घडलं, ते आपल्या विषयाला फार उपयोगी आहे. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि जुनी दप्तरं बाहेर निघाली. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे कागद उर्दूत, काही फारसीत, काही मोडीत. ज्या महसूल खात्यानं वर्षानुवर्षं ‘संगणक शिका’ म्हणून माणसांच्या मागे धोशा लावला, तेच खातं आता मोडी वाचणारा माणूस शोधत होतं! म्हणजे बदल नेहमी पुढच्याच दिशेनं येतो असं काही नाही.

आता स्वभावाकडे येऊ. विल्यम जेम्स यांनी १९०७ च्या व्याख्यानांत म्हटलं की तत्त्वज्ञानाचा इतिहास हा पुष्कळसा स्वभावांचा झगडा आहे. तत्त्वज्ञांचीच ही गत, तर कचेरीतल्या माणसांचं काय! आपल्याकडे चरकसंहितेत, विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात, प्रकृतींची वर्णनं आहेत. वातप्रकृतीचा माणूस काम चटकन सुरू करतो, ऐकलेलं लगेच उचलतो, पण विसरतोही लवकर. पित्ताला क्लेश सोसत नाहीत. कफाची सुरुवातच सावकाश. हे वैद्यकातलं वर्णन आहे, नोकरभरतीची चाचणी नव्हे. मी ते फक्त बोलायच्या सोयीसाठी घेतो.

सातबारा संगणकावर आला तेव्हा हे तिघंही प्रत्येक तालुक्यात होते. पहिल्यानं आठवड्यात कळफलक आत्मसात केला. दुसरा सर्व्हर बंद पडला की टेबलावर हात आपटायचा, आणि खरं सांगायचं तर त्याचा राग रास्त होता. रांगेतल्या शेतकऱ्याला तोंड त्यालाच द्यावं लागायचं. तिसरा? तो हस्तलिखित उतारा शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून पाहायचा. साहेब त्याला ‘बदलाला विरोध करणारा’ म्हणायचे.

इथं जरा थांबू या. संगणकीकृत सातबाऱ्यात चुका राहिल्या होत्या. कुठं क्षेत्रात आर कमी, कुठं वारसाचं नाव गायब, कुठं पोटखराबा भलत्याच रकान्यात. म्हणून तर २०१७ मध्ये गावोगाव चावडीवाचन करावं लागलं, उतारे लोकांना वाचून दाखवावे लागले. नाव गळालेल्या वारसाला बँक पीककर्ज कशाला देईल? अशा वेळी सावकाश माणसाचा ‘विरोध’ म्हणजे त्या वारसाची बाजू होती. स्वभाव आणि आक्षेप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणूस मुळात मंद आहे म्हणून त्याची शंका खोटी ठरत नाही. व्यवस्थापनशास्त्राची पुस्तकं इथं फार घाई करतात, असं माझं मत आहे.

याची दुसरी बाजूही आहे, बरं का. सगळेच ताडत बसले असते तर २०१८ मध्ये डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झालाच नसता, आणि एका उताऱ्यासाठी तालुक्याच्या खेपा चालूच राहिल्या असत्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर आली. पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतः मोबाईलवर करायची. तिथं चटपटीत तलाठीच कामाला आला. बांधावर उभं राहून आजोबांना फोटो कसा काढायचा ते दाखवायला उत्साह लागतो. मात्र रेंज नाही, नोंद राहिली आणि भरपाईच्या वेळी पीकच दिसेना, तर पुन्हा सावकाश माणसाकडे या! म्हणून साहेबाचं खरं काम कुणाला कुठं बसवायचं हे आहे: शिकवायला पहिला, ताडायला तिसरा. आणि दुसऱ्याचा राग? तो वरच्या कचेरीला लेखी कळवावा, कारण यंत्रणा कुठं अडते हे सर्वांत आधी त्यालाच कळतं.

अलीकडे तलाठी हे पदनाम बदलून ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालं. या बदलाशी तिन्ही प्रकृतींनी एका दिवसात जुळवून घेतलं. गाव मात्र अजून तलाठीच म्हणतं.