मुदत पुरी झालेले लाकूड

डिसेंबर उजाडला की चेन्नईत संगीतोत्सवाचे वारे वाहू लागतात. १९२८ साली स्थापन झालेल्या म्युझिक अकादमीसारख्या संस्थांच्या मंचावर जी सरस्वती वीणा झंकारते, तिचे माहेर बहुधा तंजावर. १६७६ ते १८५५ या काळात भोसले घराण्याने जेथे राज्य केले व कलांना आश्रय दिला, तेच हे नगर. येथील वीणेस २०१३ साली भौगोलिक मानांकन लाभले.

या वीणेचा प्राण म्हणजे फणसाचे लाकूड. कडलूर जिल्ह्यातील पन्रुटीच्या फणसाला कारागिरांची विशेष पसंती असते. झाड जुने हवे. जून खोडाच्या पिवळसर गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. त्यात गाठ वा चीर नको. संपूर्ण वीणा एकाच ओंडक्यातून कोरायची असल्यास ही पारख अधिकच कठोर होते.

खरी कसोटी मात्र पुढेच. ओले लाकूड सुकताना आकसते, तेही सर्व दिशांना सारखे नाही. घाईने वाळवले तर ते तडकते वा पिळवटते. म्हणून भर उन्हात न ठेवता, सावलीत, हवेशीर जागी त्यास सावकाश मुरू द्यावे लागते.

वीणेचे २४ पडदे मेणात बसवलेले असतात. कच्च्या लाकडाची दांडी पुढे किंचित जरी वाकली, तरी स्वर ढळतो. मग वादकाची वर्षानुवर्षांची साधनाही उणी पडते. ठेव असो वा वीणा, मुदत पुरी होऊ द्यावी, हेच खरे!