पानावर क्लिक, ओळीवर कर्सर

लाटेक या पानं जुळवणाऱ्या प्रणालीत प्रबंध किंवा पुस्तक लिहिणाऱ्यासमोर दोन खिडक्या असतात. एकीत आज्ञांसह लिहिलेला मजकूर, दुसरीत त्यातून जुळून आलेलं पीडीएफ. दोनशेव्या पानावर चूक दिसली की ती मूळ मजकुरात हुडकत बसावं लागतं. हा त्रास वाचवणारी सिंकटेक ही सोय जेरोम लोरेन्स यांनी तयार केली आणि टेक लाइव्ह या सॉफ्टवेअर-संचाच्या २००८ च्या आवृत्तीपासून ती सर्वांना मिळाली. पीडीएफवर क्लिक केलं की एडिटर नेमक्या जागी उघडतो. एडिटरमधून उलट पानावरही जाता येतं. तरीही गैरसमजांपायी पुष्कळ जण तिच्या वाटेला जात नाहीत.

सर्वांत मोठा गैरसमज असा, की क्लिक केलेला शब्द एडिटर मजकुरात शोधतो, म्हणून देवनागरीत हे चालणार नाही. शंका निराधार नाही. पीडीएफमध्ये मराठी शब्द शोधताना अनेकदा निराशाच पदरी पडते, कारण तिथे फॉन्टमधल्या आकृत्या असतात: ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी येते, रफार पुढच्या अक्षरावर चढतो, जोडाक्षराची एकच आकृती होते. पण सिंकटेक शब्द वाचतच नाही. पान जुळवतानाच टेक, म्हणजे लाटेकमागचा जुळणी करणारा मूळ प्रोग्राम, नोंद करत जातं, की पानावरचा हा भाग अमुक फाइलच्या अमुक ओळीतून आला आणि तो अमुक जागी बसला. टेक मापं पॉइंटच्या ६५,५३६ व्या भागापर्यंत मोजतं, त्यामुळे जागा पक्की असते. क्लिक झाल्यावर फक्त जागेवरून ओळ काढायची असते. झीटेक किंवा लुआटेक या टेकच्या नव्या रूपांनी मराठी पुस्तक जुळवणाऱ्याला तर ही सोय इतरांहून अधिक मोलाची आहे, कारण पीडीएफमधल्या शोधावर त्याला विसंबता येत नाही.

या नोंदी पीडीएफमध्येच असतात, असंही मानलं जातं. पण त्या पीडीएफच्या शेजारी तयार होणाऱ्या, सिंकटेक हे नाव लावलेल्या वेगळ्या फाइलीत असतात. फोल्डर साफ करताना ती उडवली की दुवा तुटला. एकटं पीडीएफ दुसऱ्याला पाठवलं, तर त्याच्याकडेही दुवा चालणार नाही.

‘यामुळे पानांची मांडणी बिघडते’ ही तक्रार जुन्या काळातली, आणि तेव्हा ती खरी होती. आधीच्या पद्धती जुळणीतच अदृश्य खुणा घुसवत, त्यामुळे ओळ किंवा पान भलतीकडे तुटू शके. सिंकटेक मजकुरात काहीच घालत नाही.

कुठलाही पीडीएफ वाचक चालेल, हेही खरं नाही. अडोबी रीडरला सिंकटेक कळत नाही. ऑक्युलर, सुमात्रा, मॅकवरचं स्किम यांना कळतं. टेकवर्क्स या एडिटरमध्ये वाचक आतच असल्याने काही जोडावं लागत नाही, कंट्रोल दाबून क्लिक केलं की झालं. सुमात्रात डबल क्लिक, ऑक्युलरमध्ये शिफ्टसह क्लिक. मात्र कोणता एडिटर उघडायचा, ते या दोघांना सेटिंगमध्ये एकदा सांगावं लागतं.

उलट टोकाची अपेक्षाही चुकते: प्रत्येक क्लिक अचूक शब्दावर नेईल. टेक ओळीचा क्रमांक ठेवतं, ओळीतल्या अक्षराचा नाही. लाटेकच्या बीमर या स्लाइड-साच्यात सादरीकरण करणाऱ्यांना तर बहुधा स्लाइडच्या अखेरच्या आज्ञेवर जाऊन पडण्याचा अनुभव येतो. स्लाइडचा सगळा मजकूर आधी गोळा होतो आणि मग जुळतो, म्हणून नोंद शेवटच्या ओळीची होते. अनुक्रमणिकेवर क्लिक केलं तर लाटेकने स्वतः बनवलेली अनुक्रमणिकेची फाइल उघडते. तिथे दुरुस्ती करू नका, पुढच्या वेळी ती पुसली जाईल. शीर्षक मूळ जागीच बदला.

आणि अख्खा परिच्छेद एका लांब ओळीत लिहू नका. प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहा. छापील पानात काही फरक पडणार नाही, आणि क्लिक तुम्हाला थेट चुकलेल्या वाक्यापाशी नेईल.