परगावचा जामीनदार चालेल काय?

जून-जुलै आला की पुण्यात कॅम्प, कोंढवा भागात परगावच्या विद्यार्थ्यांची खोलीसाठी धावपळ सुरू होते. कोणी मालेगावचा, कोणी नांदेडचा, कोणी परभणीचा. भाडे ठरते, अनामत ठरते आणि शेवटी घरमालक म्हणतो, "जामीनदार याच शहरातला आणा." वडील तिकडे यंत्रमागावर, शहरात ओळखीचे कोणी नाही. सौदा तिथेच मोडतो. मुलगी असेल तर घरचे लोक प्रवेशच सोडायला सांगतात.

घरमालकाची भीती खोटी नाही. भाडे थकले तर मालेगावला खेटे कोण घालणार? पण जामीनदार गल्लीतला असला म्हणजे पैसे वसूल होतातच काय? कापडाच्या धंद्यात आम्ही परगावी उधारीवर माल देतो. दुकान किती लांब आहे हे पाहत नाही; पत, मागचा हिशोब आणि मधला दलाल पाहतो. शेजारची उधारी बुडते आणि दूरच्या पेठेतले पैसे तारखेला येतात, हे प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे.

कायदा काय म्हणतो? भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम १२६ हमीच्या कराराविषयी आहे. जामीनदार त्याच शहरातला हवा, अशी अट त्यात नाही. कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते. आपल्या फिकहमध्ये यालाच कफालत म्हणतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २० नुसार, जिथे व्यवहार झाला तिथल्या कोर्टात दावा लावता येतो. मात्र हुकूमनाम्याची वसुली जामीनदाराच्या गावीच करावी लागते आणि त्यात वेळ व खर्च जातो. म्हणून थकबाकीची पहिली ढाल अनामत रक्कम आहे, जामीनदार दुसरी.

दुसरी भीती खोली खाली न करण्याची. ती कोणताच जामीनदार घालवू शकत नाही. तिच्यावर इलाज नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार हाच आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. मुदत संपून खोली सोडली नाही, तर कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते.

तेव्हा आमचे मत असे की परगावचा जामीनदार घ्यावा, पण पुढील गोष्टी पाळून :

१) जामीनदाराचे उत्पन्न पाहावे. पगारपत्रक किंवा आयकर विवरण मागण्यात संकोच नको.

२) हमी लेखी घ्यावी. कायद्याने तोंडी हमीही चालते, पण सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचे देणे लिहून ठेवण्याचा व साक्षीदारांचा हुकूम आहे.

३) किती रकमेपर्यंत आणि किती महिन्यांपर्यंत, हे हमीपत्रात स्पष्ट लिहावे.

४) भाडे किंवा अटी बदलल्या तर जामीनदाराची संमती पुन्हा घ्यावी. न घेतल्यास कलम १३३ प्रमाणे पुढच्या व्यवहारातून तो सुटतो.

५) विद्यार्थी १८ वर्षांखालील असेल तर करार पालकाच्याच नावाने करावा.

६) भाडे थकताच पहिल्याच महिन्यात जामीनदाराला कळवावे. सहा महिने गप्प बसून एकदम मागणी करणे हा व्यवहार नव्हे.

जामीनदारांनाही दोन शब्द. सही म्हणजे भिडेखातर केलेली मेहरबानी नव्हे, ते कर्ज आहे. आपल्या ऐपतीत बसेल तेवढ्याच रकमेवर सही करावी.

आपल्या मुलांना अनेक वस्त्यांत नाव ऐकूनच खोली नाकारली जाते, अशी तक्रार आपण करतो. मग आपल्याच घरमालकांनी गाव ऐकून नाकारावी काय? कागद पक्का करा आणि दार उघडा.